भट्टीला बुधवार नसतो : एका माजी खाणगावाच्या आठवणी पुरावा म्हणून वाचताना

संशोधनाची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. आत्मचरित्र, आठवणी, ललित गद्य हे पुरावा म्हणून चालतं का? माझं आजचं उत्तर असं की आधी विचारा, कशाचा पुरावा म्हणून? हे उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं समजू नका. पहिल्याच प्रगती-सादरीकरणात तोंडावर पडल्यावर ते कळलं.

त्या दिवशी माझ्या एका स्लाइडचं शीर्षक होतं, '१९२०च्या दशकातल्या मिलमचं दैनंदिन जीवन'. खाली आधार म्हणून एकच पुस्तक, नॉर्मन निकल्सनचं 'वेन्सडे अर्ली क्लोजिंग'. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "पुस्तक कधीचं?" म्हटलं, १९७५चं. "आणि तिथली खाण कधी बंद झाली?" १९६८ला. "मग तुमच्या स्लाइडवर साल कोणतं हवं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. तुमचा विषय वेगळा असेल, गाव वेगळं असेल, पण ही चूक तुमच्याही वाटेवर कुठेतरी बसलेली असणार.

आधी गाव समजून घेऊ. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, जुन्या कंबरलंड परगण्यात, डडन नदी समुद्राला मिळते तिथे मिलम आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना डडन वर्ड्‌स्वर्थमुळे माहीत असते. त्याची या नदीवरची सुनीतमाला १८२०ची. पण वर्ड्‌स्वर्थच्या नदीच्या मुखाशी पुढे जे घडलं ते अभ्यासक्रमात येत नाही. १८५०च्या दशकात तिथल्या हॉडबॅरो नावाच्या टोकावर हेमॅटाइट म्हणजे लाल लोहखनिज सापडलं. त्याच सुमारास, १८५६ साली, बेसेमरने पोलाद बनवायच्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं. या पद्धतीची एक अडचण होती. खनिजात फॉस्फरस असेल तर पोलाद ठिसूळ व्हायचं. कंबरलंडच्या हेमॅटाइटमध्ये फॉस्फरस फार कमी. म्हणजे जगाला जे खनिज हवं होतं नेमकं तेच या कोपऱ्यात निघालं. होबर्न हिल नावाच्या वस्तीशेजारी १८६०च्या दशकात नवं गाव आखलं गेलं, लोखंडाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. त्याच काळात कॉर्नवॉलमधला तांब्याचा धंदा बसत होता, तिथले खाणकामगार बायकामुलांसह इकडे आले. येताना त्यांनी आपला मेथडिस्ट पंथही आणला.

खनिज समुद्राच्या कडेलाच नव्हे, समुद्राखालीही होतं. पाणी आत येऊ नये म्हणून आधी एक बांध घातला. जमीन खचून त्याला धोका झाला, तेव्हा १९०० ते १९०५ या काळात आणखी बाहेर, मैलभराहून लांब असा दुसरा बांध घातला. पंप रात्रंदिवस चालायचे. १९६८च्या मार्चमध्ये खाण बंद झाली, सप्टेंबरमध्ये भट्ट्याही विझल्या. पंप थांबले तसं बांधाच्या आत पाणी भरत गेलं. आज तिथे मोठं तळं आहे, पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे, उन्हाळ्यात सुरय पक्षी घरटी करतात. गावाची वस्ती आठेक हजारांच्या आसपास.

आता माणूस. नॉर्मन निकल्सन १९१४ साली मिलममध्ये जन्मला आणि १९८७ मध्ये वारला. या त्र्याहत्तर वर्षांतला जवळपास सगळा काळ त्याने एकाच घरात काढला, सेंट जॉर्जेस टेरेसवरच्या १४ नंबरच्या. त्या घरात वडिलांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. पाच वर्षांचा असताना, १९१९ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. पुढे सावत्र आई आली, ती मेथडिस्ट, आणि मुलाचा रविवार चर्चऐवजी चॅपेलमध्ये जाऊ लागला. सोळाव्या वर्षी क्षय झाला. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, विश्रांती आणि मोकळी हवा हाच उपचार. हॅम्पशरमधल्या आरोग्यधामात त्याने वर्षाहून जास्त काळ काढला. परतल्यावर विद्यापीठाचा रस्ता बंद झाला होता. तो घरीच राहिला, वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाचत-लिहीत, आणि कवी म्हणून नावाला आला.

'वेन्सडे अर्ली क्लोजिंग' ही या बालपणाची आणि तरुणपणाच्या उंबरठ्याची आठवण. पुस्तक चांगलं आहे का? निःसंशय. आईचा मृत्यू, स्वतःचं आजारपण, असे रडायचे प्रसंग हाताशी असूनही तो रडत नाही. गल्ल्या, शाळा, क्रिकेट, चॅपेल हे सगळं तो अशा जवळिकीने सांगतो की वाचणाऱ्याला आपण गावात दोन वर्षं राहून आलो असं वाटतं. माझी चूक इथेच झाली. जे इतकं खरं वाटतं ते आपण तपासत नाही.

तपासायला शीर्षकापासून सुरुवात करू. ब्रिटनमध्ये १९११च्या दुकान-कायद्याने दुकानातल्या नोकरांना आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी मिळाली. कोणत्या गावात कोणता वार, ते ठरलेलं असे. मिलममध्ये बुधवार. म्हणजे शीर्षकाचा साधा अर्थ, 'बुधवारी दुकानं लवकर बंद'. आता विचार करा, हे खाणगाव आहे. खाणीचं घड्याळ पाळ्यांचं. भट्टीचं तर त्याहून वेगळं, कारण झोतभट्टी एकदा पेटली की ती अर्ध्या दिवसासाठी बंद करता येत नाही. थंड होऊ दिली तर आतला माल गोठून बसतो. भट्टीला बुधवार नसतो. पंपालाही नसतो. तरीही खाणगावाच्या सगळ्यात लाडक्या आठवणींच्या पुस्तकावर नाव आहे ते दुकानाच्या वेळेचं.

हा लेखकाचा दोष नाही. तो दुकानदाराचा मुलगा होता आणि त्याचा आठवडा खरोखरच बुधवारी दुपारी मोडत होता. उलट शीर्षकातच त्याने आपण कुठे बसून बघतोय ते प्रामाणिकपणे सांगून टाकलंय. ते न वाचता पुढे गेले ती मी. 'मिलमचं दैनंदिन जीवन' असं स्लाइडवर लिहिलं तेव्हा मी एका घरातल्या घड्याळावर सगळ्या गावाची वेळ लावली होती.

मग ही जागा वाईट आहे का? मला उलट वाटतं, आणि इथे या पुस्तकाच्या बाजूने बोलायला हवं. खाणीचा इतिहास वाचायचा तर अ‍ॅलन हॅरिसचं 'कंबरलंड आयर्न' आहे, १९७० सालचं. हॉडबॅरो खाणीची कथा, १८५५ ते १९६८, अशी मर्यादा ते शीर्षकातच घालून घेतं. भांडवल, भाडेपट्टे, उत्पादन, बांध यांसाठी असंच पुस्तक लागतं. पण खाणीचा इतिहास खाणीच्या फाटकाशी येऊन थांबतो. कामगार फाटकाबाहेर पडला, लाल धुळीने माखलेले कपडे उतरवले, रविवारचा कोट चढवला की तो त्या कागदपत्रांतून नाहीसा होतो. कपड्याच्या दुकानात तो पुन्हा दिसतो. दुकान ही खाण आणि गाव यांना जोडणारी शिवण आहे. खाणीत आठवडा चांगला गेला की नाही, हे कंपनीच्या हिशेबनिसाच्या खालोखाल कुणाला कळत असेल तर ते पेठेतल्या दुकानदाराला.

म्हणजे निकल्सनची जागा अर्धवट आहे, पण निरुपयोगी नाही. तिथून खाण दिसत नाही, खाणीचे परिणाम दिसतात. तुम्ही त्याच्याकडे भुयारातल्या कामाचा पुरावा मागितलात तर तो देणार नाही. क्षय झालेल्या या माणसाचं शरीर खाणीच्या कामाला कधीच लागलं नाही. घरोघरची बाई ती लाल धूळ कशी धूत असेल, याचाही पुरावा दुकानाच्या बाजूने मिळणार नाही. त्यासाठी दुसऱ्या दाराने आत जावं लागेल: जनगणनेच्या नोंदी, स्थानिक वर्तमानपत्रं, मौखिक मुलाखती.

ही झाली जागेची गोष्ट. पण मॅडमचा प्रश्न जागेचा नव्हता, काळाचा होता. तो सोडवायला मला त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक लागलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रबंधाची दिशा तिथे बदलली.

१९५९ साली निकल्सनने 'प्रॉव्हिन्शियल प्लेजर्स' नावाचं गद्य पुस्तक लिहिलं. गावाचं नाव त्यात ऑडबरो. पण पाच मिनिटांत ओळखू येतं की हे मिलमच आहे. हॉडबॅरो या नावाचे पडसादही त्यात आहेत. हे पुस्तक वर्षभराच्या क्रमाने जातं, महिन्यामागून महिना. छोट्या गावाची छोटी सुखं, थट्टेच्या सुरात. शीर्षकातला 'प्रांतिक' हा शब्द लंडनवाले हिणवायला वापरायचे, तो त्याने अंगावर घेऊन मिरवलाय.

आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. लेखक तोच, घर तेच, गाव तेच. फरक एवढाच की एक लिहिताना खाण चालू होती, भट्ट्या धगधगत होत्या. दुसरं लिहिताना दोन्ही बंद होऊन सात वर्षं झाली होती. पहिल्याचा आकार गोल आहे. जानेवारी ते डिसेंबर असं लिहिणारा माणूस गृहीत धरतो की पुन्हा जानेवारी येणार आहे. बारा महिन्यांच्या रचनेत शेवट नसतो, फेरा असतो. दुसऱ्याचा आकार सरळ रेषेचा. एक मुलगा मोठा होतो, आजारी पडतो, परत येतो. ती रेषा मागे वळत नाही. पहिल्यात दैनंदिन जीवन म्हणजे जे चाललंय ते. दुसऱ्यात दैनंदिन जीवन म्हणजे जे होतं ते.

माझं म्हणणं असं आहे: माजी खाणगावाच्या दैनंदिन जीवनाबद्दल आपण जे वाचतो त्यातलं पुष्कळसं ते गाव 'माजी' झाल्यावर लिहिलेलं असतं. गाव चालू असताना रोजचं आयुष्य लिहून ठेवावं असं फारसं कुणाला वाटत नाही. ते संपलं की सगळ्यांना वाटतं. त्यामुळे त्या लिखाणात प्रत्येक साध्या गोष्टीवर शेवटाची सावली पडलेली असते, आणि आपण ती सावली त्या काळाचीच समजून बसतो. १९२०च्या दशकातल्या मुलाला आपण हरवणाऱ्या जगात वाढतोय हे ठाऊक नव्हतं. मंदी होती, बेकारी होती, ते त्याला दिसत असणार. पण हे सगळं संपणार आहे, हे १९७५च्या माणसाला माहीत होतं, त्या मुलाला नाही. पानावर हे दोघं एकाच आवाजात बोलतात. संशोधकाचं काम त्यांना वेगळं करण्याचं.

इथे माझ्यावर घेता येईल असा एक आक्षेप मीच नोंदवते, कारण तुमच्या तोंडी परीक्षेत तो येणारच. बारा महिन्यांची रचना काय, ती तर इंग्रजी ग्रामीण गद्याची जुनी रीत. तिच्यावरून लेखकाच्या मनात भविष्याचा भरवसा होता असं कसं म्हणता? आक्षेप रास्त आहे. शिवाय १९५९ मध्ये हॉडबॅरो खाण आपल्या भरभराटीच्या काळापासून बरीच खाली आली होती, आणि गावाने दोन महायुद्धांमधल्या काळात पडझड पाहिली होती. म्हणून मी एवढंच म्हणते की त्या वेळी ही रीत वापरता येत होती. १९६८ नंतर मिलमवर तसंच बारमाही, हसतखेळत पुस्तक लिहायचं तर बंद खाणीला कुठेतरी जागा द्यावीच लागली असती. तसंच नावाचं. १९५९ मध्ये खोटं नाव का? शेजारी जिवंत होते, थट्टा करायची होती. १९७५ मध्ये खरं नाव चाललं, कारण त्या गावातले पुष्कळ जण तोवर काळाच्या पलीकडे गेले होते. एकाच बदलाची दोन-तीन कारणं संभवत असतील तर ती सगळी मांडा. मार्गदर्शकांना ते आवडतं, आणि ते खरंही असतं.

या दोन पुस्तकांच्या मध्ये एक तिसरा मजकूर आहे. भट्ट्या विझल्या त्या प्रसंगावरची निकल्सनची कविता, १९७२च्या 'अ लोकल हॅबिटेशन' या संग्रहातली. तिच्या सुरुवातीला एक बारीक गोष्ट आहे. गावात फिरणारा माणूस सवयीने भट्टीच्या धुराड्यांकडे बघतो, वारा कुठला ते धुरावरून कळायचं म्हणून. आणि धूर नाही. मला हा तिन्हींतला सगळ्यात विश्वासाचा पुरावा वाटतो. का, ते सांगते. धूर बघून वारा ओळखणं ही इतकी क्षुल्लक सवय आहे की भट्टी चालू असताना ती कुणी लिहिली नसती, आणि बंद होऊन वीस वर्षांनी कुणाला आठवली नसती. सवय अजून शरीरात आहे पण तिचा विषय गेलाय, एवढ्या चिंचोळ्या वेळेतच ती दिसते. दैनंदिन जीवनाचा अभ्यास करणाऱ्याने अशा फटी शोधायच्या असतात.

समाजशास्त्रवाल्या मित्रांना इथे मारियन्थाल आठवेल. ऑस्ट्रियातलं ते गाव खाणीचं नव्हतं, कापडगिरणीचं होतं. गिरणी बंद पडल्यावर योहोडा, लाझार्सफेल्ड आणि झायझल यांनी १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन बेकारीचा अभ्यास केला, १९३३ मध्ये तो छापला. लोक रस्त्यावरून किती वेगाने चालतात हेसुद्धा त्यांनी मोजलं. ते त्या फटीत वेळेवर पोहोचले होते. आपण बहुतेक जण उशिरा पोहोचतो. म्हणून तर कवितेतली ती एक सवय मला लाखमोलाची वाटते.

आता यात पणाला काय लागलंय, ते. हा निव्वळ तारखांचा काटेकोरपणा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आज मिलममध्ये निकल्सनच्या स्मरणार्थ चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे, त्याच्या घरावर फलक आहे. गावाची आठवण मोठ्या प्रमाणात एका माणसाच्या खिडकीतून जाते. त्यात गौरव आहे आणि धोकाही आहे. १९७५ साली ते पुस्तक छापून आलं तेव्हा मिलममध्ये जन्मलेलं मूल आज पन्नाशीचं आहे. त्या माणसाने खाण पाहिलेलीच नाही. त्याचं बालपण त्या तळ्याच्या काठी गेलं असेल, त्याच्या घरातलं कुणी जवळच्या हॅव्हरिग तुरुंगात नोकरीला असेल. तो तुरुंग १९६७ला सुरू झाला, खाण बंद व्हायच्या एकच वर्ष आधी. या माणसाचं आयुष्य कशाचं 'माजी' आहे? काहीच नाही, ते त्याचं चालू आयुष्य आहे. आपण मात्र प्रबंधात 'खाणगावाचं हरवलेलं दैनंदिन जीवन' असं लिहून त्याला स्वतःच्याच गावात पाहुणा करून टाकतो. निवृत्त माणसाला आयुष्यभर जुन्या हुद्द्यानेच हाक मारावी, तसं हे.

निकल्सनला हे कळत होतं असं मला वाटतं. १९६९ सालच्या 'ग्रेटर लेकलँड' या पुस्तकात त्याने पर्यटकांच्या नकाशाबाहेरचा हा कारखानदारीचा किनारा डोंगर-सरोवरांच्या प्रदेशाचाच भाग म्हणून धरला. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्याची हद्द मिलमला बाहेर ठेवून आखली होती. ज्याने आपल्या गावाला दुसऱ्यांच्या नकाशातून वगळलेलं पाहिलं, त्याच्या पुस्तकाच्या आधारे आपण त्याच गावातल्या पुढच्या पिढीला वगळावं, ही काही त्याची इच्छा नसणार.

तर तुमच्यासाठी कामाचं एवढं. आठवणींचं कोणतंही पुस्तक टिपणवहीत घेताना एकाच ओळीत तीन गोष्टी लिहायची सवय लावा: घटना कधीची, लेखन कधीचं, आणि लिहिणारा त्या गावात कुठे बसला होता. या तीन रकान्यांत अंतर असेल तर ते अंतर हाच तुमच्या विश्लेषणाचा विषय. त्याच लेखकाचं आधीचं लेखन मिळतं का बघा; 'प्रॉव्हिन्शियल प्लेजर्स'सारखी दुय्यम समजली जाणारी पुस्तकं अशा वेळी मुख्य पुस्तकापेक्षा जास्त बोलतात. आणि शीर्षक सगळ्यात शेवटी पुन्हा एकदा वाचा. आपण कुठे उभे आहोत ते लेखकाने बऱ्याचदा तिथेच सांगितलेलं असतं.

ती स्लाइड मी काढून टाकली नाही, दुरुस्त केली. आता तिचं शीर्षक आहे: '१९७५ मध्ये आठवलेलं, कपड्याच्या दुकानातून दिसलेलं १९२०च्या दशकातलं मिलम'. लांबलचक आहे, पडद्यावर दोन ओळी खातं. पुढच्या सादरीकरणात मॅडमनी ती वाचली, मान हलवली आणि दुसराच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर अजून शोधतेय. मिळालं की लिहीन.